ड्रोनच्या निविदेत अँटेनाला एक ओळ पुरत नाही : खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी ड्रोनखरेदीच्या तांत्रिक अटी लिहिणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

फवारणीच्या ड्रोनसाठी निघालेल्या एका सरकारी निविदेच्या प्री-बिड बैठकीला, म्हणजे बोली भरण्याआधी शंका विचारण्याच्या बैठकीला, मी नुकतीच हजर होते. खात्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तसाच मजकूर इतर खात्यांच्या निविदांतही वाचायला मिळतो. टाकी किती लिटरची, नोझल किती, पंपाचा दाब किती, बॅटरी किती मिनिटं टिकावी, यावर पानंच्या पानं होती. ड्रोन आणि पायलट यांना जोडणाऱ्या रेडिओ लिंकबद्दल मात्र एवढंच : 'रेंज किमान २ किमी, अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर २ पेक्षा कमी.' (हा दुसरा आकडा काय सांगतो ते पुढे येईलच.) मी लेखी प्रश्न दिला. ही रेंज किती उंचीवरची? मोकळ्या मैदानातली की मध्ये पीक उभं असतानाची? टाकी भरलेली असताना की रिकामी? उत्तर आलं, 'निविदेतील अटी कायम राहतील.'

हे उत्तर मला मान्य नाही. आणि ज्यांच्या हातात हे ड्रोन जातात त्यांनीही माझं म्हणणं वाचावं, म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

मी भोसरीला अँटेना डिझाइन करते. आमचं युनिट लहान आहे. कमी जागेत बसणारे अँटेना आम्ही ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांना करून देतो. अटी बदलल्या तर आमचं काम वाढेल, हे आधीच सांगून टाकते. पण मला लिहायला बसवलं ते सांगली जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ड्रोनने. उसावर फवारणी चालू असताना त्याची लिंक तुटली. फेलसेफ लागला, ड्रोन आपोआप परतीला निघाला आणि बांधावरच्या निलगिरीत अडकून खाली आला. चौकशीच्या कागदावर शेरा पडला, 'पायलटची चूक.'

ज्या ताई तो ड्रोन उडवत होत्या त्यांनी फ्लाइट लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, मला पाठवला. त्यात सिग्नलची ताकद प्रत्येक फेरीत एकाच दिशेला पडताना दिसते. ड्रोन बांधाकडे पाठ करून जायला लागला की ती घसरते, वळून परत यायला लागला की सावरते. म्हणजे जाताना पायलट आणि अँटेना यांच्या मध्ये टाकी आणि बॅटरी येत होती. टाकी भरलेली असली की घसरण मोठी, औषध संपत आलं की लहान. शेवटच्या फेरीत नुकतीच भरलेली टाकी आणि सगळ्यात लांबची सरी एकत्र आली. ताईंच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं. अँटेना जिथे बसवला होता तिथून तो त्या दिशेला बोलूच शकत नव्हता. शेरा मात्र अजून तसाच आहे, आणि कर्जाचे हप्ते गट भरतो आहे.

आता तुमच्या अटींकडे येते.

पहिली तक्रार व्हीएसडब्ल्यूआरची. रेडिओने दिलेली ताकद अँटेनाने परत फेकली की आत घेतली, एवढंच हा आकडा सांगतो. तो २ असेल तर साधारण ११ टक्के ताकद परत जाते, बाकीची आत जाते. आत गेलेली पुढे हवेत गेली का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा एक रेझिस्टर लावा. व्हीएसडब्ल्यूआर १ च्या आसपास येईल, तुमची अट पूर्ण होईल आणि सगळी ताकद उष्णता होऊन जाईल.

लहान अँटेनांच्या बाबतीत हे उदाहरण कागदावर राहत नाही, रोज टेबलावर येतं. अँटेना जितका छोटा कराल तितकी त्याची बँडविड्थ, म्हणजे तो नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, अरुंद होते. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली, आणि ड्रोनवर असतात तसल्या साध्या पॅसिव्ह (स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या) अँटेनांना ती आजही चुकवता येत नाही. मग कोणी स्वस्त, तोटा करणारं मटेरियल वापरून अँटेना केला, तर परत येणारी ताकद वाटेतच जिरते आणि व्हीएसडब्ल्यूआर उलट छान दिसू लागतो. चांगल्या मटेरियलमध्ये प्रामाणिकपणे केलेला अँटेना त्याच मापात अरुंद दिसतो आणि कधी कधी २ च्या वर जातो. म्हणजे तुमची अट वाईट मालाला पास करते आणि चांगल्याला नापास. अँटेनाची एफिशिएन्सी, म्हणजे आत गेलेल्या ताकदीतली हवेत जाणारी टक्केवारी, २५ वर आली तर ६ डीबी (डेसिबल, ताकदीतला फरक मोजायचं माप) गेले, आणि मोकळ्या हवेतली रेंज निम्मी झाली. ती रेंज रेडिओकडून भरून काढायची तर ताकद चौपट करावी लागते. ड्रोनचे बरेच रेडिओ ज्यावर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे ट्रान्समीटरला १ वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे ती वाटही लवकर संपते.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. तुम्ही अँटेनाचा कागद मागता, पण ड्रोनवर बसवलेल्या अँटेनाचा मागत नाही.

२.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर असते, त्यामुळे पाव तरंगलांबीचा अँटेना जेमतेम ३१ मिलिमीटरचा होतो. ८६५ मेगाहर्ट्झ या दुसऱ्या विनापरवाना पट्ट्यात तोच जवळजवळ ८७ मिलिमीटर लागतो. मग तो गुंडाळून, नागमोडी करून किंवा पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) दुमडून बसवावा लागतो. बाजारात तांदळाच्या दाण्याएवढे सिरॅमिक चिप अँटेना मिळतात. त्यांच्या डेटाशीटमधला आलेख बनवणाऱ्याने स्वतःच्या चाचणी बोर्डावर, ठरावीक मापाच्या ग्राउंडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या थरावर) काढलेला असतो. तोच चिप आमच्या अरुंद बोर्डावर लावला की फ्रिक्वेन्सी सरकते, कारण ताकद बाहेर टाकण्याचं बरंचसं काम तो ग्राउंडच करत असतो. दाण्याएवढा तुकडा विकत आणून रेंज मिळत नाही. ग्राउंड, केबल, जवळची प्रत्येक तार आणि ड्रोनची काया, हे सगळं मिळून अँटेना होतो.

त्यात ड्रोनची काया म्हणजे बहुतेक वेळा कार्बन फायबर. कार्बन फायबरमधून वीज वाहते. त्याच्या पलीकडे लहरी जात नाहीत, आणि अगदी जवळ अँटेना बसवला तर त्याचं ट्यूनिंगही बिघडतं. फवारणीच्या ड्रोनमध्ये भर पडते ती टाकीची. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा, ८० च्या आसपास, खूपच मोठा असतो. दहा लिटर औषध अँटेनाच्या समोर आलं की कंदिलासमोर घागर धरल्यासारखी त्या बाजूला सावली पडते. आणि ही सावली टाकीबरोबर बदलत जाते. प्रयोगशाळेत रिकाम्या टाकीने काढलेला आलेख शेतातल्या पहिल्या पाच मिनिटांचं काहीच सांगत नाही.

आम्ही यावर काम कसं करतो ते थोडं सांगते, म्हणजे मी मागते आहे ते अशक्य नाही हे दिसेल. साध्या डायपोलला, म्हणजे सरळ दांडीसारख्या अँटेनाला, दोन्ही टोकांच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सरळ खाली लोंबणारा अँटेना असलेला ड्रोन पायलटच्या डोक्यावर आला की सगळ्यात जवळ असूनही लिंक सगळ्यात कमकुवत होते. म्हणून आम्ही दोन अँटेना घेतो, एक उभा आणि एक आडवा, आणि ते लँडिंग गिअरच्या नायलॉनच्या पायांत बसवतो, टाकीच्या खाली आणि कार्बनपासून लांब. रेडिओ दर क्षणी ज्याचा सिग्नल चांगला तो निवडतो. नायलॉनचं कव्हर चढलं की फ्रिक्वेन्सी खाली सरकते, म्हणून उघड्यावर ती मुद्दाम वर ठेवायची. तांब्याची पट्टी अर्धा मिलिमीटर कापायची, कव्हर लावायचं, मोजायचं, पुन्हा काढायचं. अँटेनाला रेडिओशी जोडणाऱ्या कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट परत वाहू लागला तर केबलच अँटेनासारखी वागते, मग तो करंट अडवायला तिथे फेराइटचं कडं चढवायचं किंवा बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यामधला जुळवणीचा भाग) बदलायचा. पंपाच्या तारा हलवल्या की पुन्हा पहिल्यापासून. हे कष्टाचं काम आहे, पण अवघड शास्त्र नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं आमच्याकडे येऊन ते शिकतात आणि चांगलं करतात. मात्र तुमच्या अटींत या कामाला जागाच नाही. म्हणून ड्रोन कंपनीचा खरेदी अधिकारी मला सरळ विचारतो, 'मॅडम, तयार अँटेना लावूनही कागद पास होतो, मग तुमचा कशाला?' त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, कारण कागद खरंच पास होतो.

तिसरी गोष्ट रेंजच्या आकड्याची. २ किलोमीटरची चाचणी मोकळ्या माळावर, ड्रोन उंच चढवून घेतली जाते. फवारणी पिकाच्या टोकापासून दोन-तीन मीटरवर होते आणि पायलट रिमोट छातीशी धरून बांधावर उभी असते. लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत, त्यांना रेषेभोवती मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झला अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर, मधोमध, रेषेच्या सगळ्या बाजूंनी जवळजवळ ४ मीटर. तिथे तीन मीटरचा ऊस उभा असतो, आणि नुकताच फवारलेला असल्यामुळे ओला. ओलं पान लहरी शोषून घेतं. माळावरचे २ किलोमीटर उसात किती उरतील हे मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि मोजायला तुम्ही सांगितलेलं नाही.

चौथी, फ्रिक्वेन्सी. टेलिमेट्रीचे, म्हणजे ड्रोनची उड्डाणाची माहिती जमिनीवर पाठवणारे, कित्येक संच ९१५ मेगाहर्ट्झचे येतात. ९०२ ते ९२८ हा पट्टा अमेरिकेत मोकळा आहे. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे, आणि ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल टॉवर फोनचं ऐकत असतात. असा संच उडवणारा शेतकरी नकळत कायदा मोडतो आणि गावाच्या टॉवरलाही त्रास देतो. काही जण सॉफ्टवेअरमधून फ्रिक्वेन्सी ८६५ वर आणतात, पण अँटेना ९१५ चाच ठेवतात. अँटेना लांब व्हिप (लवचिक दांडी) असेल तर निभावतं. गुंडाळलेला छोटा अँटेना आधीच अरुंद असतो, तो एवढ्या फरकात पट्ट्याच्या बाहेर पडतो. निविदेत 'परवानगीप्राप्त फ्रिक्वेन्सी' असे मोघम शब्द न लिहिता पट्टा आकड्यांत लिहायला काय अडचण आहे?

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. सुट्या भागांच्या यादीत अँटेना नसतो. तो तुटला की तालुक्याच्या दुकानातून वायफायचा आणून लावतात. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन कनेक्टर बाहेरून सारखे दिसतात, आटे बसतात, पण चुकीच्या जोडीत मधली पिन कुठेच नसते. स्क्रू घट्ट, जोडणी शून्य, आणि ॲम्प्लिफायर जळायची भीती वेगळी. आतला छोटा यू.एफएल कनेक्टर तर साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. दुसरी गोष्ट नाविकची, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेची. निविदेत 'नाविक सपोर्ट' लिहिलेलं असतं आणि चिप तो देतेही. पण वर बसवलेला सिरॅमिक पॅच (चपटा अँटेना) फक्त १५७५.४२ मेगाहर्ट्झचा असेल, तर नाविकचे जुने उपग्रह ज्या ११७६.४५ वर बोलतात ते त्याला ऐकूच येत नाहीत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासूनच्या पिढीत १५७५.४२ आलं. दोन्ही पट्टे ऐकणारा अँटेना मागा, नाहीतर ती अट लिहिण्याला अर्थ नाही.

हे सगळं आत्ताच का, असं कोणी विचारेल. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र मोकळे राहिले. ड्रोन आणि सुट्या भागांसाठी १२० कोटींची प्रोत्साहन योजना आली, तिच्यात मूल्यवर्धन रुपयांत मोजलं गेलं. मोटर, बॅटरी, सांगाडा यांचे रुपये मोठे. अँटेना ड्रोनच्या किमतीत दिसतच नाही, म्हणून तो इथे बनवला काय आणि डब्यातून आणला काय, हिशोबात फरक पडला नाही. लिंक मात्र त्याच्यावरच उभी असते. नमो ड्रोन दीदी योजना १५,००० बचत गटांसाठी १,२६१ कोटींची मंजूर झाली, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. उरलेला भार बायकांच्या गटांवर. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने लशी पोहोचल्या, उद्या रक्ताच्या पिशव्याही जातील. तिथे लिंक तुटली तर शेरा कोणाच्या नावावर पडणार आहे?

आणि आपल्याला हे जमत नाही असं म्हणायची सोय महाराष्ट्राला तर नाहीच. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी आहे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली बांधलेली. दोऱ्यांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची ती रचना याच देशात सुचली आणि याच देशात उभी राहिली. मुंबईत पवईला मायक्रोवेव्हवर काम करणारी समीर ही संस्था आहे. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अँटेना शिकलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्या कामाला लागतात, कारण बोटभर अँटेनाची कोणी ऑर्डरच देत नाही.

माझ्या मागण्या अशा.

फक्त अँटेनाचा नको, उडायला तयार ड्रोनवर बसवलेल्या अँटेनाचा चाचणी अहवाल मागा. त्यासाठी चेंबरच (लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींची चाचणीची खोली) हवा असं नाही. मोकळ्या मैदानात तीन-चार मीटर उंचीच्या लाकडी फिरत्या स्टँडवर ड्रोन ठेवा, शंभर मीटरवर रिमोट, आणि दर ३० अंशांना सिग्नलची नोंद घ्या. एकदा टाकी भरून, एकदा रिकामी ठेवून. कोणतीही दिशा सर्वोत्तम दिशेपेक्षा १० डीबीहून खाली जाता कामा नये. १० डीबी म्हणजे त्या दिशेला अंतर एक तृतीयांशाच्याही खाली येणं, यापेक्षा जास्त सूट देऊ नका. हा स्टँड गावचा सुतार करून देतो.

रेंजची अट पिकात लिहा : पिकावर ३ मीटर, अंतर ५०० मीटर, मध्ये उभा ऊस, टाकी भरलेली, पायलट जमिनीवर.

व्हीएसडब्ल्यूआर ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्यासोबत एफिशिएन्सीचा आकडा मागा. ती मोजायला सहसा चेंबर लागतो. सरकारी पैशातून उभे राहिलेले चेंबर लहान उत्पादकांना आठवड्यातले काही तास, परवडणाऱ्या आणि जाहीर केलेल्या दराने मिळावेत, यासाठी तुमच्या खात्यांनी शासनाकडे लेखी शिफारस करावी.

पट्टे आकड्यांत लिहा. अँटेना, त्याची केबल आणि कनेक्टरचा नेमका प्रकार सुट्या भागांच्या सक्तीच्या यादीत घाला, आणि प्रत्येक ड्रोनसोबत दोन जास्तीचे अँटेना द्यायला लावा.

समितीत रेडिओ लिंक समजणारी एक तरी व्यक्ती असू द्या. प्री-बिडमध्ये विचारलेल्या प्रत्येक तांत्रिक प्रश्नाला कारणासह उत्तर द्या.

आणि अपघात झाला की लॉग वाचल्याशिवाय 'पायलटची चूक' लिहू नका. प्रत्येक चौकशीत सिग्नलच्या ताकदीचा आलेख ड्रोनच्या दिशेसोबत काढून जोडला जावा, आणि त्याची प्रत पायलटला मिळावी. ज्यांच्या नावावर लॉग न पाहता असे शेरे पडलेले आहेत, त्यांची प्रकरणं पुन्हा उघडा. सांगली जिल्ह्यातल्या त्या ताईंच्या प्रकरणापासून सुरुवात करा. त्यांची संमती घेऊन लॉग आणि माझं विश्लेषण मी द्यायला तयार आहे.

स्टँडचं रेखाचित्र, चाचणीची पूर्ण कृती आणि नोंदीचा तक्ता मी कोणत्याही समितीला विनामूल्य देईन. बोलवाल त्या जिल्ह्यात येऊन, तुमच्याच खरेदीतला ड्रोन स्टँडवर चढवून तुमच्यासमोर मोजून दाखवेन. पुढच्या निविदेचा मसुदा पक्का होण्याआधी बोलवा.

आपली नम्र,
एक अँटेना डिझायनर
भोसरी, पुणे